न बोलणारा प्रधान

कुसुम, अकरा महिन्यांनी मी तुझ्या घरी आले आणि तू नव्हतीस. ओसरीवर चपलांचा ढीग होता, भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. नलू मला बघून म्हणाली, "शालूताई, आलात का?" त्या विचारण्यात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. तुला ताप आहे हे मला मंगळवारीच कळलं होतं. म्हटलं, हवा पालटते आहे, येतो असा ताप, रविवारी जाऊ. खरं सांगायचं तर आधी तुझा निरोप येईल आणि मग मी येईन, असं माझ्या मनात होतं. आजारी माणसानं निरोप पाठवायचा आणि धडधाकट माणसानं वाट बघत बसायचं, अशी माझी अक्कल. तू शुक्रवारी सकाळीच गेलीस.

लोक आता तुझ्याविषयी बोलतात ते ऐकून मला मध्येच हसू येतं. किती शांत होती, किती सोशिक होती म्हणे. तू आणि सोशिक! नाटकातलं पद वगळायचं की वाचायचं, यावरून माझ्याशी आठ वर्षं भांडलेली बाई सोशिक कशी होईल? जुन्या नाटकांत पानापानाला पदं, आणि आपल्यापैकी गळा एकीलाही नाही. मी म्हणायची, वगळू या. तू म्हणायचीस, "लिहिणाऱ्यानं लिहिलंय ना? मग वाचायचं." आणि वाणसामानाची यादी वाचावी तशा सरळ आवाजात वाचून काढायचीस, शृंगाराचं पदसुद्धा. नलू तोंडात पदर कोंबून हसायची. हा वाद मिटलेला नाही, कुसुम. माझं म्हणणं अजूनही तेच आहे.

शनिवारी माझी शाळा सकाळची असायची. दुपारी जेवणं आटोपली की बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या तुझ्या घराच्या मागच्या खोलीत आपण चौघी जमायचो. तू, तुझी नणंद नलू, मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी मी, आणि शहापूरकडच्या केळीच्या बागा सोडून बाजाराच्या निमित्तानं गाडी जुंपून येणाऱ्या गंगूकाकू. काकूंचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण आवाज असा की त्यांनी राजा वाचायला घेतला की गल्लीतली कुत्री उठून बसत. नाटक कंपन्यांत पुरुषांनी इतकी वर्षं लुगडी नेसली, त्याचं उट्टं आपण त्या खोलीत काढलं. राजे, सेनापती, खलनायक, सगळे आपणच. नलू बिचारी जन्मभर द्वारपाल आणि दासी.

पुस्तक पुण्याहून टपालानं मागवायचं, तेही एकच. मग प्रत्येकीच्या पाठाची नक्कल तू वहीत उतरवायचीस, नाटकवाले करतात तशी. जिची तिची वाक्यं पूर्ण, आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द. तेवढ्यावरून आपली पाळी ओळखायची. एका वेळी एकच अंक उतरवायचीस, पुढचं पान कुणी आधी उघडायचं नाही, अगदी तूसुद्धा नाही. हा तुझा कायदा. मी शिक्षिका असून कायदे तू करायचीस आणि मी पाळायची.

दुसरा कायदा मात्र गंगूकाकूंमुळे झाला. तुला आठवत असेल. चुलीवर दूध ठेवलेलं आणि ते उतू जाईल म्हणून काकू उठून आत गेल्या. तेवढ्यात त्यांच्या राजाची पाळी आली. खोळंबा नको म्हणून मी त्यांची वही उचलून वाचली. काकू पातेलं उतरवून येतात तो राजा बाण लागून मरूनही गेलेला! काकू दारातच उभ्या राहिल्या. "माह्या राजा मेला न् मले कोनी हाक बी मारली नई? दूध गेलं असतं त गेलं असतं व! राजा काय रोज मरते?" आपण हसायला लागलो, पण काकूंच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. सबंध नाटकभर त्यांनी त्या राजाला सांभाळलं होतं आणि शेवटी त्याच्याजवळ त्या नव्हत्या. त्या दिवशी तू ठरवलंस, जिचा पाठ तिनंच वाचायचा. ती उठून गेली असेल, आजारी असेल, माहेरी असेल, तरी दुसरीनं वाचायचा नाही. तिच्या वाक्यांपाशी थांबायचं. पुस्तकातल्या ओळींवरून तू मुकाट्यानं बोट फिरवायचीस आणि ते संपलं की पुढची वाचायला लागायची. बाहेरच्या माणसानं पाहिलं असतं तर आपल्याला वेड लागलंय असंच म्हटलं असतं.

आमचे हे गेले त्या वर्षीचं सांगते. दीड महिना मी घराबाहेर पडले नव्हते. तू आलीस, मला उठवलंस आणि शनिवारी नेऊन बसवलंस. हातात वही दिलीस, ती विदूषकाची. नलूच्या तोंडचं पाणी पळालं. काकू तुला म्हणाल्या, "काही लाज हाये का नई तुले?" मी वाचायला लागले. पहिलं वाक्य रडत वाचलं, दुसरं रडत वाचलं. तिसऱ्या वाक्यात विदूषक लाडवांविषयी काहीतरी मूर्खासारखं बोलतो, तिथं मला हसू फुटलं आणि मग आवरेना. घरी आल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतःसाठी स्वयंपाक केला. याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. आज मानते आहे.

त्यानंतर माझ्याकडे शनिवार तेवढा उरला होता. पुढं जे घडलं ते समजून घ्यायचं तर हे आधी सांगायला हवं.

प्रांतरचना झाली. तुझं मलकापूरचं माहेर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तू म्हणालीस, "बरं झालं, आता माहेरी जाते असं म्हणायला नको, परराज्याच्या दौऱ्यावर जाते म्हणेन." मला तुझ्यासारखं हसता येईना. शाळेवरची पाटी बदलली. कचेरीतले कागद बदलले. माझ्या मराठीच्या वर्गात दर वर्षी बाकं रिकामी व्हायला लागली, कारण पुढं नोकरीला हिंदीच लागणार हे आईबापांना कळत होतं, आणि त्यांचं चूकही नव्हतं. इच्छापूरची हद्द ओलांडून मुंबई राज्यात गेलं की जी भाषा राज्याची, तीच इथं फक्त घरातली. मला वाटायचं, शनिवार तरी आहे.

तशात तुझ्या शेजारच्या घरात रामदुलारी राहायला आली. ग्वाल्हेरकडून बदलून आलेल्या तहसील कचेरीतल्या बाबूंची बायको. मूलबाळ नाही, गावात ओळख नाही. तुझ्या मागच्या खोलीची आणि तिच्या खोलीची भिंत एकच. एकदा काकूंचा सेनापती कुणाला तरी शिव्या देत होता आणि नेमक्या जागी भिंतीपलीकडून हसू आलं. तू बोट ओळीवर ठेवून थांबलीस. तेव्हा कळलं की ही बाई वर्षभर गहू निवडत निवडत पलीकडून आपली नाटकं ऐकते आहे.

पुढच्या शनिवारी ती खोलीत दाराशी बसलेली होती. तू म्हणालीस, प्रत्येक प्रवेश झाला की हिला थोडक्यात हिंदीत सांगायचं. बास, एवढंच. नाटक मराठीत, नक्कल मराठीत, फक्त शेवटी चार वाक्यं हिंदीत. त्या दिवशी मी गप्प बसले. त्यानंतर तीन शनिवार गप्प बसले. ती "नमस्ते बहनजी" म्हणायची आणि मी मुद्दाम मराठीत उत्तर द्यायची, तेही भराभर. मला हिंदी येत नव्हती थोडीच! बऱ्हाणपुरात जन्मलेल्या माणसाला हिंदी येत नाही म्हणणं म्हणजे तापीकाठच्या माणसानं मला पाणी ठाऊक नाही म्हणण्यासारखं.

चौथ्या शनिवारी निघताना तुझ्या दारात आपलं वाजलं. मी म्हणाले, शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, आता इथंही? तू म्हणालीस, "शालू, ती ऐकायला आलीय गं. ऐकणाऱ्याला दाराबाहेर ठेवून वाचायचं कशाला?" आणि मी म्हणाले, "आज दार उघडशील, उद्या घर तिचं होईल. असली माणसं अशीच शिरतात." तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू रागावली नाहीस. तू माझ्याकडे पाहिलंस, वर्गातली हुशार मुलगी सोप्या गणितात चुकावी तसं. मी माझी वही काखोटीला मारली आणि निघाले. तू हाक मारलीस, "शालू, प्रधान घेऊन चाललीस!" मी मागं वळले नाही.

प्रधान माझ्याकडे होता, राजा काकूंकडे आणि राणी तुझ्याकडे. पाच अंकी नाटक, पहिला अंक संपून दुसरा लागायचा होता. पहिल्या अंकात प्रधानाविषयी इतर नुसतं बोलतात, तो स्वतः बोलतो ते दुसऱ्यापासून. प्रधान राजाला आतून फितूर आहे असं माझं म्हणणं, आणि तो निष्ठावंत आहे, फक्त तोंडाचा फटकळ आहे, असं तुझं. तुझा कायदा असा की शेवट दोघींनाही ठाऊक नाही. आता तो कधीतरी मला कळेल आणि तुला सांगता यायचं नाही. तू जिंकली असलीस तरी.

हे अकरा महिने मी भाषेच्या नावानं काढले. भाषेचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ते आजही आहे. सकाळी वर्गात सात डोकी मोजते तेव्हा तर आहेच. पण दार आपटून जायला लावलं ते त्या दुःखानं नाही. माझ्याकडे एकच मैत्रीण होती आणि तिनं आपल्या शेजारी आणखी एकीला जागा केली, एवढंच मला सहन झालं नाही. मोठ्या गोष्टीच्या आड माणूस किती लहान गोष्ट लपवतो बघ. हे तुला तेव्हाच कळलं असणार. कळूनही बोलली नाहीस, त्याचा मला राग येतो. एक थोबाडीत द्यायची होतीस.

आता दहाव्या दिवसाचं सांगते. पुरुषमंडळी तापीच्या राजघाटावर गेली होती. घरात बायका होत्या, त्यांचं हळू आवाजातलं बोलणं मला ऐकवेना, म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळानं रामदुलारी आली. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि तिथंच घुटमळली.

"बहनजी, एक बात पूछूँ? बुरा तो नहीं मानेंगी?"

मी मान हलवली.

"वो जो नाटक में प्रधान हैं ना, वो कब बोलते हैं?"

मला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. मी मराठीतच विचारलं, बोलत नाही म्हणजे?

ती खाली बसली आणि सांगायला लागली. "काकी राजा की बात पढ़ती हैं, 'प्रधानजी, आपला सल्ला काय?' फिर सब चुप। दीदी किताब पर उँगली फेरती रहती हैं। फिर राजा कहते हैं, 'खरं आहे, प्रधानजी.' फिर रानी गुस्सा होती हैं, 'प्रधानजी, जीभ आवरा!' और वो तो कुछ बोले ही नहीं! मैं सोचती, कैसा आदमी है। एक शब्द नहीं बोलता, और राजा भी उसी की सुनता है, रानी भी उसी से लड़ती है। मुझे तो पूरे नाटक में सबसे अच्छा वही लगा।"

कुसुम, तेव्हा मला उमगलं. तुम्ही माझ्या ओळींपाशी थांबत होतात. अकरा महिने, दर शनिवारी. पुस्तक तुझ्या मांडीवर होतं, कुणीही वाचू शकलं असतं. प्रधान म्हणजे अर्धं नाटक. त्याच्याशिवाय काकूंचा राजा हवेशी बोलत होता आणि तुझी राणी भिंतीशी भांडत होती. मला वाटत होतं, तुमचं माझ्यावाचून छान चाललं असेल, हिंदीत.

मी विचारलं, "तू कुसुमला नाही विचारलंस, तो का बोलत नाही ते?"

"पूछा था। दीदी बोलीं, अभी रूठा हुआ है। बोलेगा।"

मग मी रडले. दहा दिवसांत पहिल्यांदा. रामदुलारी उठून गेली नाही, जवळही आली नाही, दाराशी बसून राहिली. नंतर नलूनं सांगितलं की काकू मधूनमधून कुरकुरायच्या, "आसं थांबत थांबत त माही चहा थंडी होते, दे ना कोनाले तरी त्याचा पाठ." आणि तू म्हणायचीस, "शालू गावात आहे ना? मग तिचा पाठ तिचाच." तो अंक संपला की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून लावायचात म्हणे, तिसरा उघडलाच नाहीत. मी येईन तेव्हा मागं पडायला नको म्हणून.

तू मला बोलवायला का आली नाहीस, हा प्रश्न मी तुला रोज विचारते. तुझ्या घरापासून शनवाऱ्यातल्या माझ्या घरापर्यंत चालत दहा मिनिटं. विदूषकाची वही घेऊन तू आली होतीसच की एकदा. मला वाटतं, त्या वेळी मी दुःखी होते आणि या वेळी मी चुकले होते. दुःखी माणसाला उठवून नेता येतं, चुकलेल्याला आपल्या पायांनी यावं लागतं. असा तुझा काहीतरी हिशोब असणार. बरोबर असेल. पण ताप यायच्या आधी तेवढा वेळ आपल्या हातात आहे, हे तुला कुणी सांगितलं होतं?

गेल्या आठवड्यात गंगूकाकूंचा माणूस निरोप घेऊन आला. "शनिवारी ये. नाटक अर्धं ठिवनं बरं नई." मी वही घेऊन गेले. खोली तशीच होती. नलूनं पुस्तक मांडीवर घेतलं होतं, पण ते कसं धरावं हे तिला कळत नव्हतं. काकू राजाच्या जागी, रामदुलारी दाराशी. दुसरा अंक पहिल्यापासून लावला. काकूंनी त्यांच्या त्या आवाजात विचारलं, "प्रधानजी, आपला सल्ला काय?"

मी वाचलं. काय वाचलं ते सांगत नाही, चार साधी वाक्यं आहेत, तुझ्याच अक्षरातली. रामदुलारीनं तोंडावर हात ठेवला आणि तिचे डोळे एवढाले झाले. ती पुटपुटली, "बोले!" काकू हसल्या, मीही हसले, राजाचं 'खरं आहे, प्रधानजी' वाचून झालं आणि लगेच राणीची पाळी आली.

आम्ही थांबलो. सवयीनंच थांबलो. पुस्तकावरून कुणी बोट फिरवलं नाही, त्यामुळे किती थांबायचं ते कळेना. नलूची मान खाली. बराच वेळ गेला. शेवटी काकूंनी पदरानं डोळे पुसले. "शाले, तू गावात व्हती म्हून थांबलो व माय. हिच्यासाठी कुठलोक थांबाचं?"

बरोबर होतं त्यांचं. थांबायचं ते येऊ शकणाऱ्या माणसासाठी. मी नलूच्या मांडीवरचं पुस्तक घेतलं, उठले आणि रामदुलारीपुढं नेऊन ठेवलं. ती मागं सरकली. लिपी एकच आहे, तिला वाचता येत होतं, ते कारण नव्हतं. "मैं? नहीं बहनजी, ये दीदी का है। और आप..."

तेव्हा मी जे तुला सांगायला हवं होतं, तुझ्या घरी येऊन, तुझ्या तापाच्या आधी, ते मी तिला सांगितलं. हिंदीत सांगितलं. तिच्याशी हिंदीत बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. "उस दिन दरवाज़े में मैंने तुम्हारे लिए जो कहा था, घर वाली बात, वो गलत थी। मुझे माफ़ करो।" म्हटलं, तिला काय समजणार कुठली गोष्ट, पण आपण म्हणून टाकावं.

रामदुलारीनं पुस्तकाची कड सारखी केली. मग शांतपणे म्हणाली, "मैं दरवाज़े के पीछे ही खड़ी थी, बहनजी। सब समझ गई थी। इतनी मराठी तो तब तक दीवार में से आ ही गई थी।"

तिला समजलं होतं. ते समजूनही ती अकरा महिने प्रधानाच्या बोलण्याची वाट बघत होती, आणि दहाव्या दिवशी पाण्याचा तांब्या तिनंच आणून माझ्यापुढं ठेवला होता. मला खाली बघवेना आणि वर बघवेना.

मग तिनं पुस्तक जवळ ओढलं, राणीच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "पढ़ूँ?"

मी म्हणाले, "वाच."